आतल्या बाजूचे तीन ठिपके

काका,

तुमची मोगरी त्यांनी भिंतीवर ठोकली. मुठीला आरपार भोक पाडून, त्यातून स्क्रू घालून. तुम्ही जाऊन तीन दिवसही झाले नव्हते. ऑफिसात शिरल्याबरोबर जिथे धबधब्याचं कॅलेंडर असायचं, तिथे आता तुमची चिंचेच्या लाकडाची मोगरी आहे, तिच्या दोन बाजूंना तुमच्या पत्र्याच्या कात्र्या, आणि सगळ्यावर प्लास्टिकचा चंदनी हार. त्या हारातला दिवा आधी लाल होतो, मग हिरवा, मग निळा. मुतलाळींनी, म्हणजे आपल्या मालकांनी, त्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि फॅक्टरीच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. मीही पाठवलं. अंगठ्यानं एकदा दाबलं की झालं.

मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले, कारण मला शिसारी आली होती. त्या दिव्याची आली, मुतलाळींच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाची आली, पण सगळ्यांत जास्त माझी स्वतःची आली. पत्र्याच्या डक्टच्या ज्या एका वळणामुळे, ज्या एका एल्बोमुळे तुम्ही काम सोडलंत, त्याबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही. तुम्ही पाच महिने कोरट्टूरच्या त्या दोन खोल्यांत बसून होतात, माझ्या बसच्या रस्त्यावर तुमचं घर होतं, आणि मी सांगितलं नाही. आता सांगते आहे, म्हणजे सोपं झाल्यावर.

किळस कशाची करायची हे मला तुम्हीच शिकवलंत. कराडहून डिप्लोमा घेऊन चेन्नईला, अंबत्तूरला आले तेव्हा मला काहीही चालायचं. सगळे तुम्हाला राव सार म्हणायचे म्हणून मी तुम्हाला आंध्रातले समजत होते. एक दिवस तुम्ही टेबलावर पत्रा पसरलात, कंपासनं अर्धवर्तुळ काढलंत आणि त्याचे सहा भाग करताना तोंडातल्या तोंडात मोजलंत: एक, दोन, तीन. मी हातातली फाइल खाली ठेवली. दिवसभर चांगलं तमिळ बोलणारा, तमिळमध्येच शिव्या देणारा हा माणूस मोजतो मात्र मराठीत! मी मराठीत विचारलं तर तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "तूं कोण गांवची गे?" तुमचं घराणं तंजावरचं, किती पिढ्यांपूर्वी तिथे आलं ते तुम्हालाही नीट सांगता येत नव्हतं. माझं मराठी ऐकून तुम्ही तोंड वाकडं केलंत. हें मराठी नव्हे, हिंदी आहे, म्हणालात. मी म्हटलं, तुमचं तर तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवण्यासारखं आहे. हे भांडण आपण आठ वर्षं चालवलं आणि त्यात कुणीही एक पाऊल मागे घेतलं नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यातून आलेला डक्टचा एक तुकडा तुम्ही मला दाखवलात. सांध्यावर सिलिकॉन थापलेलं, बोटानं फिरवलेलं, दोन ठिकाणी लोंबणारं. मी म्हटलं, बरा आहे की. तुम्ही खिशातून रुमाल काढून नाकाला लावलात. "शेंबूड आहे हा," म्हणालात, "पत्र्यास सर्दी जाली." तेव्हापासून आपल्या शेडमध्ये सिलिकॉनला शेंबूडच म्हणतात. तमिळ पोरंसुद्धा म्हणतात, आणि दुकानात जाऊन तोच शब्द सांगून रिकाम्या हातानं परत येतात.

तुमची ती नाकं मुरडण्याची सवय मला लागली. मी घरी आईकडे गेले की प्लंबरनं लावलेल्या सिलिकॉनच्या पांढऱ्या पट्ट्या बघून माझं तोंड वाकडं व्हायचं. आई म्हणायची, चेन्नईला जाऊन मोठी मडमीण झालीस. तिला काय सांगणार की एका म्हाताऱ्या पत्रेवाल्यानं माझं हे करून ठेवलंय.

एल्बो कसा करायचा ते तुम्ही मला उभं राहून शिकवलंत, बसून नाही. बसून करायचें काम नव्हे, म्हणायचात. हवा सरळ जाते तोवर कुणालाही जमतं, ती वळवायची तर काम सुरू होतं. काटकोनाचं गोल वळण पाच तुकड्यांचं. तुम्ही तुकड्याला सुळै म्हणायचात, फणसाच्या गऱ्याला तमिळमध्ये म्हणतात तो शब्द. मधले तीन गरे पूर्ण, टोकांचे दोन अर्धे. डावीकडे वळणारा काप लाल मुठीच्या कात्रीनं, उजवीकडे वळणारा हिरव्या मुठीच्या. मग लोखंडी खुंटावर पत्रा धरून मोगरीनं कड मुडपायची. एकाची कड एकदा मुडपायची, दुसऱ्याची दोनदा, आणि एकात एक अडकवून वरून ठोकायचं. तुमचे ठोके मोठे नसायचे. आठवडाभर मी फक्त कड मुडपत होते आणि माझी कड दर वेळी झालरीसारखी व्हायची. ती तुम्ही दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेत होतात. मेलेला उंदीर नेतात तशी.

आणि शेवटी ते तीन ठिपके. एल्बो पूर्ण झाला की तुम्ही आत हात घालून, वळणाच्या आतल्या बाजूला, टोकदार पंचनं तीन ठिपके मारायचात. एकाला एकच ठोका. बाहेरून पत्र्याला फुगवटा येता कामा नये. साइटवर डक्ट चढवणारी माणसं आधी आत बोट फिरवायची. ठिपके लागले तर वर चढवायची, नाहीतर परत पाठवायची. मला हा तुमचा तोरा वाटायचा. आतमध्ये कोण बघणार आहे, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "उद्यां वाईट निघालें तर शिव्या कोणास द्यायच्या तें कळायला नको?"

पंच मारायलाही तुम्हीच शिकवलंत. मनगट सैल, नजर टोकावर, एकच ठोका. ते मला कडेपेक्षा लवकर जमलं. तुम्ही कौतुकसुद्धा केलंत, म्हणजे काही बोलला नाहीत.

आपलं दुसरं भांडण कॉम्प्युटरचं. मी गऱ्यांचे आकार कॉम्प्युटरवर काढायचे आणि मोठ्या कागदावर छापायचे. पोरं तो कागद पत्र्यावर चिकटवून कापायची. वेळ वाचायचा, मुतलाळी खूश. तुम्ही प्रत्येक कागदावर तुमचं डिव्हायडर चालवून बघायचात. मला ते अपमानासारखं वाटायचं. तीन वर्षांत एकदाही चूक निघाली नाही, मी सुनावलं. तुम्ही डिव्हायडर चालवतच राहिलात. निघेल तेव्हां मी असेन, म्हणालात.

निघाली तेव्हा तुम्ही नव्हतात. काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, दोन दिवस तुम्ही हॉस्पिटलात होतात. आवडी गावाच्या बाजूला एका नव्या कल्याण मंडपाचं, म्हणजे लग्नाच्या हॉलचं, काम होतं, त्याच्या स्वयंपाकघरातल्या धुराच्या डक्टचा शेवटचा एल्बो राहिला होता. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. टेम्पो दारात उभा. मी घाईत कागद छापला आणि छापताना मशीननं आकार कागदात बसावा म्हणून थोडासा लहान केला. मी बघितलं नाही. पोरांनी कापलं. पळणीनं, आपल्या जुन्या फिटरनं, गरे जुळवले आणि मला हाक मारली. सगळं नीट जुळत होतं, फक्त तो एल्बो डक्टवर चढत नव्हता. घेर बोटभर कमी पडत होता. त्या जाडीचा दुसरा पत्रा शेडमध्ये नव्हता.

काय करायचं ते मी सांगितलं, काका. पळणीनं नाही. प्रत्येक गऱ्याच्या उभ्या सांध्याला मुडपायला ठेवलेल्या कडा मुडपायच्याच नाहीत, त्या एकमेकींवर नुसत्या ठेवून घेर वाढवायचा. मग रिव्हेट मारायचे. आणि फटींमध्ये शेंबूड भरायचा. पळणीनं हातातला हातोडा खाली ठेवला. राव सार काय म्हणतील, त्यानं विचारलं. मी म्हटलं, राव सारांना कोण सांगणार आहे? त्यानं रिव्हेट मारले, मी स्वतः नळी दाबून सिलिकॉन भरलं आणि बोटानं फिरवलं. वाळल्यावर वरून रुपेरी रंगाचा फवारा. बाहेरून इतका सुंदर दिसत होता की मला हसू आलं.

मग आठवलं, ठिपके नाहीत. ठिपक्यांशिवाय साइटवरची माणसं तो घेणार नाहीत. तुमची पेटी उघडी होती. मी पंच घेतला, आत हात घातला, मनगट सैल सोडलं, आणि एक, दोन, तीन. बाहेरून जरासुद्धा फुगवटा नाही. आयुष्यात इतके चांगले ठोके मी कधी मारले नव्हते. जॉब कार्डावर करणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव लिहिलं, तारीख तुम्ही सुट्टीवर जाण्याच्या आदल्या दिवसाची टाकली. तुम्ही परत आलात तेव्हा काकूंच्या डोळ्याला घातलेल्या हिरव्या पट्टीची गंमत सांगत होतात. मी हसत होते.

सात महिन्यांनी त्या मंडपात, एका लग्नात, पायसमच्या, म्हणजे खिरीच्या, भांड्यात वरून काळं तेल पडलं. थेंब नव्हे, धार. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि मुतलाळींच्या फोनवर पाठवला. पांढरंशुभ्र पायसम, त्यावर वेलची, आणि वरून येणारी ती काळी तार. तपासायला मला पाठवलं. मी शिडीवर चढले, काका. सांध्याच्या फटीतून सात महिन्यांचं तळण बाहेर आलं होतं. मऊ, तपकिरी, बोटभर जाडीचं. त्यात झुरळांचे पाय होते, पंख होते, केस होते. माझं सिलिकॉन उष्णतेनं सुटून खाली लोंबत होतं आणि त्याच्या टोकाला एक थेंब धरला होता. तो माझ्या मनगटावर पडला. वास इतका उग्र की मी शिडीवरच ओकले. खाली उभा असलेला आचारी बाजूला झाला. पाहुण्यांची ताटं मी बघितली नाहीत. बघायचं धाडस नव्हतं.

एल्बो उतरवून टेम्पोतून शेडमध्ये आणला. जमिनीवर ठेवला. सगळे गोल करून उभे. मुतलाळींनी जॉब कार्ड काढलं, मोठ्यानं तुमचं नाव वाचलं, आणि तुम्हाला बोलावलं. मी तुमच्यापासून चार हातांवर होते. पळणी माझ्या शेजारी. तुम्ही खाली बसलात, नाकाला रुमाल न लावता, हात त्या घाणीत घातलात आणि आतल्या बाजूला बोट फिरवलंत. खूप वेळ. मग बोट धोतरालाच पुसलंत. मला वाटलं आता तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहाल. तुम्ही मुतलाळींकडे पाहिलंत. "माझेच," म्हणालात. आधी मराठीत म्हणालात, मग तमिळमध्ये.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगते. माझ्या मनात आलं: किती मोठा माणूस! मला वाचवण्यासाठी खोटं बोलला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ते पाणी मला फार आवडलं. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं की असा माणूस आता मिळणार नाही. काय केलं होतं ते सांगितलं नाही, तुम्ही किती मोठे तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मुतलाळींनी तुम्हाला स्टोअरमध्ये खुर्ची दिली. दोन आठवडे तुम्ही तिथे बसलात, मग यायचे बंद झालात.

एकदा मी तुमच्या घरी आले होते. डोंगरावरची मलै केळी आणली होती, कृतज्ञता म्हणून. तुमची दाढी वाढलेली. तुम्ही केळी बाजूला ठेवलीत आणि शेडमधलं काही विचारलं नाहीत. मी धीर करून म्हटलं, काका, त्या दिवशी तुम्ही... तुम्ही मला पुढे बोलू दिलं नाहीत. "तें सोड गे. वय जालें." मी ते सोडलं. फार पटकन सोडलं. जिन्यानं उतरताना मी स्वतःशी म्हणत होते की मोठ्या माणसाला उपकाराचा उच्चारही नको असतो. मला हे सुचलं कुठून? सोयीचं होतं म्हणून सुचलं.

आणि मग परवा तुमचं तेरावं. सगळे आलो होतो. मुतलाळी, पळणी, शेडमधली सहा-सात माणसं, तुमचे मेहुणे, तुमचा मुलगा बंगळूरहून. बाहेरच्या खोलीत पानं मांडली होती. तुमच्या मेहुण्यांनी मुतलाळींना विचारलं, सार किती वर्षं तुमच्याकडे होते. मुतलाळी भात कालवत बोलायला लागले. सोन्यासारखा हात होता, म्हणाले. फक्त शेवटी शेवटी घसरला. त्या मंडपाची भानगड. दुसरा कुणी असता तर हाकलला असता, मी खुर्ची दिली, पंखा दिला. असं म्हणून त्यांनी पापड मोडला. मेहुण्यांनी मान डोलावली. तुमचा मुलगा पानाकडे बघत होता. पळणी जेवत होता. मी जेवत होते. माझ्या पानावर पायसम वाढलं गेलं आणि मी ते खाल्लं, काका, कारण न खाल्लं असतं तर कुणीतरी विचारलं असतं.

मग उठून आत गेले. काकू एकट्या गॅसपाशी होत्या, रसम गरम करत होत्या. मला त्यांना काहीतरी चांगलं सांगायचं होतं. निदान त्यांना तरी माहीत असावं की तुमचा हात घसरला नव्हता, तुम्ही आळ अंगावर घेतला होता. तेवढंच. माझं नाव न घेता कसं सांगता येईल, याचं वाक्य मी दारातच जुळवून ठेवलं होतं. मी म्हटलं, काकू, ते काही म्हणोत, काकांनी दुसऱ्या कुणासाठी तरी तो दोष घेतला.

काकूंनी वळून पाहिलं. "कसला दोष? त्यांनीच केला नव्हे कां?"

आणि त्यांनी सांगितलं. तुम्ही त्या संध्याकाळी घरी येऊन हात धुतलेत, तीन वेळा साबण लावून. मग त्यांना म्हणालात की मी असा एल्बो केला आणि मला तो केल्याचं आठवत नाही. ठिपके माझे आहेत, पंच माझा आहे, ठोका माझा आहे, पण आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दाढी करायचं सोडलंत, कापून घ्याल म्हणून. भाजी चिरायला बसायचात ते बंद केलंत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे कंपासनं अर्धवर्तुळं काढायचात, त्याचे सहा भाग करायचात, डिव्हायडर लावून बघायचात. भाग सारखे यायचे. काकू म्हणायच्या, पहा, बरोबर आलें. तुम्ही म्हणायचात, हें चुकून आलें. कागद फाडायचात आणि परत सुरू करायचात. रोज. एकदा तुम्ही दोन्ही हात त्यांच्यापुढे धरून विचारलंत की कांपतात काय. काकूंनी नाही म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, तुझ्या डोळ्यांचें ऑपरेशन जालें आहे, तुज काय दिसते.

तुम्ही मला वाचवलंच नव्हतं. तुम्हाला खरंच वाटलं होतं. तुम्ही मला इतकं चांगलं शिकवलं होतंत की तुमचा ठोका आणि माझा ठोका तुम्हालाच वेगळा ओळखू आला नाही, आणि मी पाच महिने ज्याला तुमचा मोठेपणा म्हणून मिरवत होते, ते तुमचं कुरतडलं जाणं होतं. तुमचा तुमच्या हातांवरचा विश्वास मी घेतला. तुमच्या पंचनं, तुम्ही शिकवलेल्या ठोक्यानं. आणि वर केळी घेऊन आले.

मी काकूंना सगळं सांगितलं. कागद कसा छापला, कडा का मुडपल्या नाहीत, नळी कुणी दाबली, ठिपके कुणी मारले, जॉब कार्डावर तारीख कुठली टाकली. हळू आवाजात सांगितलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. काकूंनी गॅस बंद केला. रसमवर झाकण ठेवलं. मला वाटलं त्या रडतील, किंवा मला हाकलतील. दोन्ही मला चाललं असतं. दोन्हीत मी सुटले असते.

"हें त्यांस सांगायचें होतें," त्या म्हणाल्या. मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "बाहेर चल."

त्यांनी माझं मनगट धरलं होतं. बाहेर पानावर माणसं ताकभातापर्यंत आली होती. काकू माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी तुमच्या मुलाकडे बघून मराठीत सुरुवात केली. काकूंनी मनगट दाबलं.

"मराठींत नको. तीं लोकें जाणत नाहींत. तमिळांत सांग."

माझं तमिळ बसचं आणि भाजीचं. पण वाक्यं लहान होती. तो एल्बो राव सारांनी केला नाही, मी केला. ठिपके मी मारले. कार्ड मी लिहिलं. हे म्हणताना माझा आवाज कसा होता मला माहीत नाही. मुतलाळींचा हात पानावर थांबला, मग पुन्हा चालू झाला. ते म्हणाले, आता कशाला अम्मा, गेलेल्या माणसाला काय त्याचं, बसा, जेवा. इतक्या प्रेमानं म्हणाले की क्षणभर मला बसावंसं वाटलं. खरंच वाटलं, काका. इतकी मला गप्प बसण्याची सवय झाली आहे.

पळणी ताकभातातून हात काढून उठला. अर्ध्या पानावरून. नानुम् दान, म्हणाला, मीपण होतो. आणि हात न धुता दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

मला वाटलं झालं. मी काकूंकडे पाहिलं. माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

"तूं काय केलेंस तें सांगितलेंस," त्या म्हणाल्या. "त्यांचा हात बरा होता म्हणून अजून कोणी सांगितलें नाहीं."

मग मी तेही सांगितलं. तमिळमध्ये, तुमच्या मुलाकडे बघून, मुतलाळींकडे बघून, एकेकाकडे. राव सारांचा हात चुकला नाही. शेवटपर्यंत चुकला नाही. काकू प्रत्येक वेळी मान हलवत होत्या, आणि मी थांबले की म्हणत होत्या, आणखी.